घरच्या बागेत रसभरी: लावणीपासून वेचणीपर्यंत

रसभरीचं फळ पिकलं की टरफलासकट आपणहून गळून खाली पडतं. दोन रोपांत किती अंतर ठेवायचं, खाली काय अंथरायचं, झाड पसरू द्यायचं की बांधायचं, हे सगळं या एका सवयीवरून ठरवावं लागतं. टोमॅटोचा हात बसलेले लोक रसभरीही टोमॅटोसारखीच लावतात. पीक येतं, पण त्यातलं बरंचसं चिखलात कुजतं, गोगलगाई आणि मुंग्या खातात, नाहीतर पाल्यात हरवून जातं. झाड वाढवणं कठीण नाही, त्याच्या खालची जमीन मात्र आधीपासून तयार ठेवावी लागते.

कोणती रसभरी लावायची

या नावाखाली दोन वेगळी झाडं येतात. पहिली बुटकी, जमिनीलगत पसरणारी. तिचं शास्त्रीय नाव फायसॅलिस ग्रिसिया, पण बियांच्या पाकिटावर बऱ्याचदा फायसॅलिस प्रुइनोसा असं छापलेलं असतं. उंची साधारण 45 ते 60 सें.मी., पसारा 60 ते 90 सें.मी. फळ 1 ते 1.5 सें.मी. व्यासाचं, चवीला गोड, अननसाच्या अंगाचं. रोप लावल्यापासून 65 ते 75 दिवसांत फळं पडायला लागतात. आंट मॉलीज, कोसॅक पाइनॅपल, गोल्डी हे याच प्रकारातले वाण.

दुसरी उंच रसभरी, फायसॅलिस पेरुव्हियाना, मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. पानं मखमली, झाड 1 ते 1.5 मीटर, कधी त्याहून उंच. फळ 1.5 ते 2 सें.मी., नारिंगी, आंबटगोड. हिला लावणीनंतर फळाला यायला 100 दिवसांहून जास्त लागतात. कडाका पडत नाही तिथे हे झाड दोन-तीन वर्षं टिकतं. थंड प्रदेशात एकाच हंगामाचं पीक म्हणून घेतात.

उबदार हंगाम चार महिन्यांपेक्षा कमी असेल किंवा जागा कुंडीपुरतीच असेल तर बुटकी घ्या. हिवाळा सौम्य असेल आणि मुरंबा किंवा जॅम करायचा असेल तर उंच. पहिल्याच वर्षी दोन्ही लावायचा मोह टाळलेला बरा, कारण दोघींच्या वेळा आणि गरजा वेगळ्या आहेत. दोन्ही स्वपरागित आहेत, त्यामुळे एकच झाड असलं तरी फळ धरतं. याच कुळातल्या टोमॅटिलोचं, म्हणजे टरफलातल्या हिरव्या टोमॅटोसारख्या फळाचं, तसं नाही. त्याची किमान दोन झाडं लागतात.

एक सावधगिरी. कागदी टरफलात फळ दिसलं म्हणजे ती रसभरीच, असं नाही. अश्वगंधेलाही असंच टरफल असतं, पण आतलं फळ लहान आणि लालभडक. निकँड्रा नावाच्या तणाच्या टरफलाला पाच टोकदार कडा असतात, फूल निळसर आणि फळ कोरडं. रसभरीचं फूल फिकट पिवळं, खाली मान घातलेलं, आत पाच गडद डाग असलेलं. आपोआप उगवलेलं झाड खात्रीने ओळखता येत नसेल तर त्याचं फळ खाऊ नका. आणि खात्रीच्या झाडाचंही फक्त पूर्ण पिकलेलं फळ खायचं. हिरवं फळ, टरफल, पानं आणि खोड यांत विषारी द्रव्यं असतात. घरात लहान मुलं असतील तर हे त्यांना आधी सांगा, कारण टरफलातला तो गोळा त्यांना भलताच आवडतो.

बी आणि रोपं

बी बारीक असतं आणि सुरुवातीची वाढ मंद, म्हणून थेट वाफ्यात पेरण्यापेक्षा रोपं करून लावणं फायद्याचं. लावणीच्या 6 ते 8 आठवडे आधी ट्रेमध्ये पेरा. उंच प्रकाराला 8 ते 10 आठवडे द्या. थंडीचा कडाका नसलेल्या ठिकाणी उलटा हिशेब करायचा: फुलं येण्याची वेळ 35 अंश सेल्सिअसच्या वरच्या उन्हाळ्यात सापडणार नाही अशी पेरणी ठरवायची.

दोन भाग भिजवलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत हे मिश्रण ट्रेमध्ये भरा. प्रत्येक कप्प्यात 2-3 बिया, अर्धा सें.मी. खोल. वरून चिमूटभर मिश्रण भुरभुरा आणि फवाऱ्याने भिजवा. झारीने ओतलं तर बी वाहून कोपऱ्यात जातं. 22 ते 27 अंश तापमानाला एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. गारव्यात तीन आठवडेही लागतात, तेव्हा ट्रे रिकामा समजून फेकू नका.

उगवल्यावर भरपूर उजेड हवा. खिडकीत रोपं एका बाजूला कलून लांबुळकी होत असतील तर दिवा लावा, रोपांच्या शेंड्यांपासून 5 ते 8 सें.मी. वर, दिवसाला 14 ते 16 तास. प्रत्येक कप्प्यात एकच रोप ठेवायचं. बाकीची कात्रीने बुंध्याशी कापा, उपटू नका. उपटताना शेजारच्याची मुळंही हलतात.

या टप्प्यावर सगळ्यात मोठा धोका रोपं कोलमडण्याचा. देठ मातीलगत बारीक, काळपट होतो आणि रोप आडवं होतं. कारण बुरशी, आणि बुरशीचं कारण सतत ओलं मिश्रण आणि कोंडलेली हवा. ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा, वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नको, आणि हवा खेळती ठेवा. एकदा कोलमडलेलं रोप वाचत नाही.

खरी पानं दोन-तीन झाली की 8 ते 10 सें.मी.च्या कपात हलवा. पातळ द्रवखत अर्ध्या ताकदीने द्यायचं ते यानंतरच. बाहेर लावण्याआधी 7 ते 10 दिवस रोपांना हळूहळू ऊन-वाऱ्याची सवय लावा: पहिल्या दिवशी सावलीत तास-दोन तास, मग रोज थोडं जास्त. घरातलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढुरकी पडून करपतात.

जमीन

दिवसाला किमान 6 तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा, एवढ्या दोन अटी. माती फार कसदार लागत नाही, उलट फार कसदार माती नडते. सामू (मातीचा आम्ल-अल्कपणा, pH) 5.5 ते 7 च्या दरम्यान चालतो. चिकण, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल तर 20 ते 25 सें.मी. उंचीचा गादीवाफा करा. दर चौरस मीटरला 2 ते 3 किलो पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट वरच्या 15 सें.मी. मातीत मिसळलं की पुरे. ताजं शेण, कोंबडीखताची भरमार किंवा युरिया घातला की झाड हिरवंगार, भलंमोठं होतं आणि फुलायचं नाव घेत नाही. बागेत सगळ्यांना दाखवावंसं झाड आणि टोपलीत चार फळं, हे नत्र जास्त झाल्याचं नेमकं लक्षण.

गेल्या तीन वर्षांत टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतलेली जागा टाळा. रसभरी त्यांच्याच कुळातली, त्यामुळे मर रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) तिथे आधीच दबा धरून बसलेले असू शकतात.

लावणी, आणि झाडाखालचं अंथरूण

रात्रीचं तापमान 10 अंशांच्या वर स्थिरावलं की लावा. रोप 10 ते 15 सें.मी.चं असावं. खालची एक-दोन पानं काढून, उरलेल्या पानांपर्यंत खोड मातीत जाईल इतकं खोल लावा. गाडलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात आणि झाड वाऱ्यात हलत नाही. बुटक्या रसभरीला 75 ते 90 सें.मी. अंतर, उंच रसभरीला निदान 1 मीटर. रोपं लहान असताना हे अंतर उधळपट्टी वाटते. पण दोन महिन्यांनी फांद्या एकमेकींत गुंतल्या की खाली पडलेल्या फळापर्यंत हात पोचत नाही. संध्याकाळी लावा आणि प्रत्येक रोपाला लिटर-दीड लिटर पाणी द्या. रोपं रात्रीत बुंध्याशी कापली जात असतील तर पुठ्ठ्याची 7-8 सें.मी. उंचीची कडी प्रत्येक रोपाभोवती, 2-3 सें.मी. मातीत खोवून बसवा. कापणारी अळी ती ओलांडत नाही.

आता आच्छादन. वाळलेलं गवत किंवा पेंढा 5 सें.मी. जाडीचा, खोडापासून चार बोटं दूर. त्याने ओल टिकते, तण कमी होतं, पावसाचे शिंतोडे मातीसकट पानांवर उडत नाहीत. पण पिकलेल्या रसभरीचं टरफल अगदी पेंढ्याच्याच रंगाचं असतं! पेंढ्यावर पडलेलं फळ शोधणं हा डोळ्यांवर अन्याय आहे. म्हणून फळं पडायला लागली की पेंढ्यावर झाडाच्या घेरापुरती जुनी गडद रंगाची सुती चादर अंथरावी. चादर मधून चिरली की खोडाभोवती नीट बसते. तण रोखण्याचं विणलेलं काळं कापडही चालतं, मात्र कडक उन्हाच्या जागी ते माती तापवतं, म्हणून फांद्यांची सावली पडायला लागल्यावरच घाला. प्लॅस्टिकचा कागद नको. त्यावर पाणी साचतं आणि टरफलं एका रात्रीत बुरसतात.

कुंडीत लावायचं तर बुटक्या प्रकाराला 15 ते 20 लिटर, उंच प्रकाराला 25 ते 30 लिटर, एका कुंडीत एकच झाड. माती, कंपोस्ट, कोकोपीट समप्रमाणात. कुंडीतल्या झाडाची फळं बाहेरच पडतात, तेव्हा भोवतालची फरशी मोकळी ठेवा.

पाणी, खत, आधार

वाफ्यातल्या झाडांना आठवड्याला सुमारे 2.5 सें.मी. पाणी, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर, दोन वेळांत विभागून. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा मुळांपर्यंत मुरेल असं द्या. माती कोरडी ठाक होऊ द्यायची आणि मग एकदम भरपूर पाणी पाजायचं, यामुळे फळं टरफलाच्या आतच तडकतात. बाहेरून काही कळत नाही, सोलल्यावर आंबूस वास येतो. कुंडीला उन्हाळ्यात रोज पाणी लागेल.

खताच्या बाबतीत हात आखडता घ्या. पहिली फुलं दिसली की झाडामागे दोन मुठी कंपोस्ट मातीत हलकेच मिसळा, वाफ्यात एवढंच. कुंडीत पोषण लवकर संपतं, तिथे दर दोन-तीन आठवड्यांनी कमी नत्राचं पातळ द्रवखत चालेल. लाकडाची राख पालाशासाठी घालायची तर मूठभरच, नाहीतर सामू वर सरकतो.

बुटक्या झाडाला बांधायची गरज नाही, पण 30-40 सें.मी. उंचीची जाळीची कडी भोवती लावली तर फांद्या मातीवर लोळत नाहीत आणि खाली हात घालता येतो. उंच रसभरीला भोवती तीन काठ्या रोवून 30, 60 आणि 90 सें.मी. वर सुतळीचे वेढे द्या. फांद्या ठिसूळ असतात, म्हणून आधार झाड लहान असतानाच द्यायचा; मोठं झाल्यावर बांधायला गेलात तर हमखास एक-दोन फांद्या मोडतात.

टोमॅटोसारखी बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून फुटणाऱ्या फांद्या, काढत बसू नका. रसभरीला फूल पानाच्या बेचक्यात एकेक येतं. जितक्या फांद्या तितकी बेचकी, आणि तितकी फळं. मातीला टेकणारी खालच्या 15 सें.मी.मधली पानं तेवढी काढा, म्हणजे हवा खेळते आणि रोग वर चढत नाही.

फूल फळात बदललं की आधी टरफल फुगतं, पूर्ण मापाचं होतं, आणि आतलं फळ नंतर सावकाश भरतं. हिरवा फुगा दाबून पोकळ लागला म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि दाबत राहायचंही नाही. छताखाली किंवा जाळीत झाडं असतील, मधमाश्या येत नसतील, तर दुपारच्या सुमारास फांद्या हलकेच हलवा. पराग सुटतो आणि फळधारणा वाढते.

वेचणी

फळ तयार झालं की टरफल हिरव्याचं पिवळट, मग कोरडं आणि कागदी होतं, आणि फळ गळतं. बहराच्या दिवसांत दर दोन दिवसांनी वेचा. सकाळचं दव वाळल्यावर जा, चादरीवरचं आधी गोळा करा, मग एकेक फांदी उचलून हळूच हलवा. जे पडेल ते आपलं. ओढून तोडलेलं फळ बहुतेक वेळा कच्चं निघतं.

घरी आणल्यावर तीन वाटे करा. टरफल कागदी आणि फळ सोनेरी असेल तर ते लगेच खाण्यासारखं. टरफल वाळलेलं पण फळ हिरवट-पिवळं असेल तर टरफलासकटच ताटात एका थरात पसरून घरात ठेवा. आठवडा-दोन आठवड्यांत रंग भरतो. वाऱ्याने किंवा धक्क्याने पडलेली, टरफलही हिरवं असलेली फळं टाकून द्या, ती घरात नीट पिकत नाहीत. टरफलाला भोक दिसलं तर फोडून पाहा, आत अळी असू शकते.

उंच रसभरीचं फळ दर वेळी आपणहून गळतंच असं नाही. टरफल तपकिरी-कागदी आणि आतलं फळ गडद पिवळं ते नारिंगी झालं की देठासकट कात्रीने कापा. फिकट पिवळं असतानाच कापलं तर आंबटपणा राहतो.

पाऊस झाला असेल तर वेचणी पुढे ढकलू नका, उलट लवकर वेचा आणि ओली फळं पंख्याखाली पसरा. ओलं टरफल आतल्या फळाला चिकटलं की बुरशी धरते. कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज असेल तर अख्खं झाड मुळासकट उपटून आडोशाला उलटं टांगा आणि खाली कापड अंथरा. भरलेली फळं पुढचे काही आठवडे पिकत आणि पडत राहतात.

साठवण

टरफल हीच याची पिशवी. न सोलता, न धुता, जाळीच्या टोपलीत, 10 ते 15 अंशांच्या कोरड्या जागी फळं कित्येक आठवडे टिकतात. बंद प्लॅस्टिक पिशवीत घाम येऊन चार दिवसांत नासतात. सोलल्यावर फळ चिकट लागतं, ते नैसर्गिक आहे. कोमट पाण्यात चोळून धुतलं की जातं. गोठवायचं तर सोलून, धुऊन, पूर्ण कोरडं करून ताटात एका थरात गोठवा आणि मगच डब्यात भरा, नाहीतर एकच ढेकूळ होतं.

जॅमसाठी 1 किलो सोललेली फळं, 500 ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस. निम्मी फळं ठेचा, निम्मी अख्खी ठेवा. मंद आचेवर मऊ झाली की साखर घाला, मग आच वाढवून 105 अंशांपर्यंत आटवा. रसभरीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारं द्रव्य) भरपूर असतं, वेगळं घालावं लागत नाही. थंड बशीवर टाकलेला थेंब बोटाने ढकलल्यावर सुरकुतला की उतरवा. उशीर केलात तर गार झाल्यावर चमचा रुतणार नाही.

काय बिघडतं

लहान रोपांच्या पानांना सुईने टोचल्यासारखी भोकं दिसली तर ते उड्या मारणाऱ्या पिसूभुंग्यांचं काम. फुलं येईपर्यंत बारीक जाळी टाकणं हा साधा आणि सर्वांत खात्रीचा उपाय. पानांच्या मागे पिवळ्या-केशरी अंड्यांचे पुंजके दिसले की पान खुडून साबणाच्या पाण्यात टाका. मावा आणि पांढरी माशी यांच्यावर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिली सौम्य द्रवसाबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात.

पानांवर फिकट-गडद हिरवे चट्टे, आकसलेला शेंडा, वाकडीतिकडी वाढ, हे विषाणूचं लक्षण. त्याला औषध नाही. झाड उपटून बागेबाहेर न्या, कंपोस्टात टाकू नका. तंबाखू हाताळत असाल तर झाडांना हात लावण्याआधी साबणाने धुवा, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू याही कुळाला लागतो.

माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकत असेल तर बहुधा मुळं कुजताहेत. पाणी थांबवा आणि निचरा सुधारा. मुळांवर गाठी सापडल्या तर सूत्रकृमी, तिथे पुढची काही वर्षं या कुळातलं काही लावू नका. फुलं येऊन गळत असतील तर आधी तापमान पाहा. फार उष्णतेत पराग निकामी होतो. दुपारची सावली द्या आणि पाणी नियमित ठेवा, ऊन उतरलं की फुलं पुन्हा टिकायला लागतात. फळं आंबट किंवा फिकी लागत असतील तर बहुधा ऊन कमी पडतंय, नाहीतर घाई होतेय.

पुढच्या हंगामाचं बी

निरोगी झाडाची सर्वांत आधी आणि सर्वांत गोड पिकलेली 15-20 फळं वेगळी काढा. कुस्करून दुप्पट पाण्यात एक-दोन दिवस ठेवा, रोज ढवळा. चांगलं बी तळाला बसतं; गर आणि पोचट बी वरच्या पाण्यासकट ओतून द्या. बारीक गाळणीत धुऊन काचेच्या बशीवर सावलीत आठवडाभर वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटून बसतं. कोरड्या, थंड जागी हे बी तीन ते पाच वर्षं उगवतं. एकाच प्रकारचे दोन वाण शेजारी लावले असतील तर संकर होऊ शकतो, तेव्हा बियांसाठी एका वर्षी एकच वाण ठेवा.

उंच रसभरी छाटणीच्या काडीनेही येते. फूल नसलेल्या फांदीचा 15-20 सें.मी.चा तुकडा, वरची दोन पानं ठेवून, ओल्या मिश्रणात खोचा आणि सावलीत ठेवा. अशी झाडं बियांच्या झाडांपेक्षा लवकर फळतात. जुनं झाड राखायचं असेल तर बहर संपल्यावर 20 ते 30 सें.मी.वर छाटा आणि बुडाशी कंपोस्ट घाला, नवे फुटवे येतात.

वेचताना सुटलेली फळं पुढच्या हंगामात आपोआप उगवतात, आणि भरपूर उगवतात. ती हवी असतील तर चार-पाच पानांवर असताना 75 सें.मी. अंतरावर एक याप्रमाणे राखून बाकीची उपटा किंवा दुसरीकडे लावा. नको असतील तर हंगामाच्या शेवटी चादरीखालचा आणि पेंढ्यातला फळांचा चुरा गोळा करून बागेबाहेर टाका. घरगुती कंपोस्टाचा ढीग सहसा इतका तापत नाही की हे बी मरेल.